आकडा कोण सांगतंय? घरगुती सीएनसी आणि फीडबॅकची गोष्ट

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)



मागच्या भागात आपण घरी बनवायच्या राउटरची फ्रेम, रेल आणि बॉलस्क्रू यांवर बोललो. त्यानंतर जे मेसेज आले, त्यात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा होता. "क्लोज्ड लूप मोटर घेतली तर अ‍ॅक्युरसी येईल का?" कुणी विचारलं, "स्टेपर काढून सर्वो टाकू का?" कुणी विचारलं, "टेबलाला स्केल लावलं तर प्रश्न सुटेल ना?"

या सगळ्याला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देता येत नाही. म्हणून आजचा अख्खा भाग त्याच्यावर. आणि सुरुवात माझ्या फजितीपासून करतो, कारण हे सगळं मी पुस्तकातून नाही शिकलो, मटेरियलचे पैसे भरून शिकलो.

चौदा प्लेटा

सोलापुरात घराच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत माझा राउटर आहे. सुरुवातीचा सेटअप तुमच्यातल्या बहुतेकांचा असतो तोच. अर्डुइनो उनो, त्यावर ग्रबल, टीबी६६०० ड्राइव्ह, नेमा २३ स्टेपर मोटर आणि ५ मिलिमीटर पिचचा बॉलस्क्रू. लाकूड, अ‍ॅक्रिलिक, नावाच्या पाट्या, सगळं छान चालायचं.

मग अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपकडून काम आलं. लूमच्या पार्टसाठी अ‍ॅल्युमिनियमच्या चौदा प्लेटा, लांबी साधारण ५०० मिलिमीटर, पहिल्या आणि शेवटच्या होलमधलं अंतर ४८०. मटेरियल त्यांचं, मजुरी माझी. पहिल्या पाच प्लेटा मोजल्या, बरोबर आल्या. मग मला वाटलं, आता मोजायचं काय? रॅपिडचा स्पीड वाढवला, अ‍ॅक्सिलरेशन वाढवलं आणि उरलेल्या नऊ प्लेटा एका दमात काढल्या.

त्या नऊच्या नऊ रिजेक्ट.

शेवटच्या होलकडे ०.६ मिलिमीटरचा फरक. मी मशीनकडे आलो, टूल शून्यावर पाठवलं. पडद्यावर एक्स ०.०००. आणि टूलचं टोक मी मारलेल्या खुणेपासून चांगलं अर्ध्या मिलिमीटरहून लांब उभं. पडदा म्हणतोय मी शून्यावर आहे, डोळ्याला दिसतंय की नाही.

नऊ प्लेटांच्या मटेरियलचे पैसे मी भरून दिले. त्या माणसाने पैसे मागितलेही नव्हते, पण त्याचं काम तीन दिवस अडकलं होतं.

तर पहिली गोष्ट इथे लक्षात घ्या. ग्रबलच्या पडद्यावर जो आकडा दिसतो, तो मशीन कुठे आहे याचा नाही. आपण मशीनला कुठे जा म्हणून सांगितलं, त्याचा आहे. अर्डुइनोने पल्स सोडले, स्वतःच मोजले आणि स्वतःचीच बेरीज पडद्यावर दाखवली. मोटर फिरली का, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. तशी तारच नाही.

अण्णांचा फोर्क

आमच्या पूर्व भागात एक अण्णा आहेत. आयुष्य लूमच्या शेडमध्ये गेलं, जॉबर होते. एक प्लेट हातात घेऊन त्यांच्याकडे बसलो होतो. मी सगळं समजावून सांगितलं. पल्स, स्टेप, मोटर अडकली तर काय होतं ते. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुझ्या मशीनला फोर्क नाही काय रे?"

"फोर्क म्हणजे, अण्णा?"

"अरे, लूमला असतो की वेफ्ट फोर्क! बाण्याचा दोरा संपला, तुटला, तर लूम जागेवर थांबतंय. तुझं मशीन दोरा तुटला तरी विणतच बसलंय की!"

मला खरंच हसू आलं, कारण मी महिनाभर फोरमवर वाचत होतो ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

बघा, सोलापुरी चादरीच्या लूमवर जॅकार्ड असतं. कार्डाला भोकं पाडलेली. भोक आहे तर हुक उचल, भोक नाही तर नको. हा झाला हुकूम. आपला जी-कोड तेच करतो. जॅकार्डने आपलं यंत्र १८०४ च्या सुमारास लियाँला केलं. पण जॅकार्डला हे कळत नाही की उचललेल्या ताण्यातून बाणा खरोखर गेला का. ते बघायला वेगळी वस्तू आहे, वेफ्ट फोर्क. धोटा गेल्यावर दोरा तिथे असेल तर तो फोर्कला ढकलतो, फोर्क कलतो आणि लूम चालू राहतं. दोरा नसेल तर फोर्क कलत नाही, त्याचा आकडा हॅमरमध्ये अडकतो आणि हँडल पडून लूम बंद. साधी तार वाकवून केलेली गोष्ट, पण ती हुकूम बघत नाही, दोरा बघते.

म्हणजे हुकूम देणारं एक आणि झालं का ते बघणारं दुसरं. आपण घरी सीएनसी बनवताना जॅकार्ड विकत घेतो आणि फोर्क विसरतो.

आणि हे सीएनसीच्या जन्मापासूनचं नाही बरं का. १९५२ मध्ये एमआयटीत पहिलं न्यूमेरिकल कंट्रोल मिलिंग मशीन दाखवलं गेलं, ते केलं होतं सर्वोमेकॅनिझम्स लॅबोरेटरीने. टेपवरून हुकूम जायचा आणि मशीनकडून जागेचा सिग्नल परतही यायचा. आपल्याच गावात १९९२ पासून प्रिसिजन कॅमशाफ्ट्स आहे. कॅमचा लोब गोल नसतो, म्हणून सीएनसीवर तो ग्राइंड करताना जॉब फिरतो तसं व्हील अंशाअंशाला पुढे-मागे सरकावं लागतं. फिरणं आणि सरकणं, दोन्हीची खरी जागा प्रत्येक क्षणी माहीत नसेल तर ते काम होणारच नाही. फीडबॅक काढून टाकला तो आपण, स्वस्तात बसवण्यासाठी. ते चुकीचं नाही. मोटरवर तिच्या ताकदीच्या बरंच आत काम घेतलं तर स्टेपर वर्षानुवर्षं एकही स्टेप चुकवत नाही. फक्त चुकली तर ती सांगत नाही.

आधी चूक ओळखा

फीडबॅकवर पैसे घालायच्या आधी आपली चूक कुठल्या जातीची आहे हे बघा. वही काढा आणि लिहून घ्या.

पहिली जात. चूक ठरावीक पटीत येते आणि साचत जाते. आपली नेहमीची १.८ अंशाची स्टेपर मोटर अडखळली की कुठेही जाऊन थांबत नाही. चार पूर्ण स्टेपच्या पटीतच घसरते, म्हणजे ७.२ अंश. ५ मिलिमीटर पिचच्या स्क्रूवर हे होतात बरोबर ०.१ मिलिमीटर. माझ्या प्लेटांमध्ये फरक होता ०.६. म्हणजे मोटर घसरली होती, दुसरं काही नाही. तुमच्याकडे बेल्ट असेल, २० दात आणि २ मिलिमीटर पिचची पुली, तर एका फेऱ्यात ४० मिलिमीटर होतात आणि घसरण ०.८ च्या पटीत दिसेल.

दुसरी जात. चूक दिशा बदलली की येते, पण साचत नाही. हा प्ले. नट, कपलिंग किंवा बेअरिंगमधला. डायल लावा, एका बाजूने या, शून्य करा, पुढे जाऊन परत त्याच आकड्यावर दुसऱ्या बाजूने या. जो फरक दिसेल तो प्ले.

तिसरी जात. चूक अंतराबरोबर वाढते. १०० मिलिमीटरला ०.०२ आणि ४०० ला ०.०८. इथे स्टेप्स पर मिलिमीटरची सेटिंग, स्क्रूची पिच किंवा तापमान. आपण जे रोल्ड सी-७ ग्रेडचे स्क्रू घेतो, त्यात ३०० मिलिमीटरला साधारण ०.०५ चा फरक मान्यच असतो.

चौथी जात. चूक बारीक आहे, एकाच बाजूला हळूहळू सरकते आणि कुठल्याच पटीत बसत नाही. इथे मोटरचा दोष नसतो, पल्स हरवतात किंवा जास्तीचे शिरतात. दिशा बदलल्यावर ड्राइव्हला जो थोडा वेळ हवा असतो तो मिळत नाही, किंवा तारेत नॉइज आहे.

आता सांगा, क्लोज्ड लूप मोटर यातली कुठली चूक काढेल? पहिली.  दुसरी, तिसरी आणि चौथी तिला दिसतच नाही.

तीन जागा, तीन साक्षीदार

का दिसत नाही? कारण एन्कोडर जिथे बसवलाय तिथलंच सांगतो. पुढचं त्याला माहीत नसतं.

क्लोज्ड लूप स्टेपरच्या मागे जो एन्कोडर असतो तो बहुधा १००० लाइनचा. ए आणि बी असे दोन सिग्नल असतात, एक दुसऱ्यापेक्षा पाव चक्र पुढे. कोण आधी आला यावरून दिशा कळते आणि दोन्हींच्या चढ-उतारांची नोंद घेतली की एका लाइनचे चार काउंट मिळतात. म्हणजे एका फेऱ्याला ४००० काउंट. ५ मिलिमीटर पिचला भाग दिला की आला एक काउंट ०.००१२५ मिलिमीटर.

जाहिरातीत हाच आकडा असतो आणि आपण खूश होतो. पण हे मोटरच्या शाफ्टचं माप आहे. मोटरनंतर कपलिंग, मग बेअरिंग, मग स्क्रू, नट, नटाची ब्रॅकेट, टेबल. त्यात कुठेही ०.०८ चा प्ले असला तरी एन्कोडर म्हणणार, सगळं ठीक आहे. तो खोटं बोलत नाही, त्याला तेवढंच दिसतं.

दुसरी जागा स्क्रूच्या दुसऱ्या टोकाला. तिथे एन्कोडर लावला तर घसरलेलं कपलिंग दिसतं. नटातला प्ले आणि पिचची चूक तरीही दिसत नाही.

तिसरी जागा खुद्द टेबल. म्हणजे लिनियर स्केल. काचेचं किंवा मॅग्नेटिक. मिलिंग मशीनवर डीआरओ असतो ना, त्याचंच. पुण्याची इलेक्ट्रॉनिका मेकॅट्रॉनिक सिस्टम्स असे स्केल आणि डीआरओ बनवते, त्यामुळे सगळं बाहेरूनच मागवायला पाहिजे असं नाही. हे टेबल सरकलं तेवढंच सांगतं, स्क्रूची फिकीर नाही.

मग सरळ स्केलवरूनच मोटर चालवली तर? मीही हाच विचार केला होता. पण बघा काय होतं. नटात प्ले आहे. कंट्रोलर म्हणतो ०.०२ पुढे जा. मोटर फिरते, प्लेमध्येच फिरते, टेबल हलत नाही. स्केल सांगतं, अजून नाही पोचलो. कंट्रोलर आणखी ढकलतो. प्ले संपतो, टेबल उडी मारून पुढे जातं. आता जास्त झालं, मागे ये. पुन्हा तोच प्ले. टेबल जागेवर थरथरत बसतं. याला हंटिंग म्हणतात. म्हणून मोठ्या मशीनवर दोन्ही असतात. वेग सांभाळायला मोटरवरचा एन्कोडर आणि जागा सांभाळायला स्केल. आणि तिथेही प्ले आधी मेकॅनिकल पद्धतीनेच काढलेला असतो. ढिला नट सॉफ्टवेअरने घट्ट होत नाही.

आणि एक राहिलंच. टेबलाचं स्केलसुद्धा टूलच्या टोकाचं सांगत नाही. गॅन्ट्री वाकली, टूल कोलेटमध्ये सरकलं, जॉब क्लॅम्पमधून हलला, तर तिन्ही साक्षीदार गप्प. तिथे आपलं मायक्रोमीटर, व्हर्निअर आणि पाचव्यानंतर सहावी प्लेट मोजायची सवय.

न जोडलेली तार

प्लेटांच्या प्रकरणानंतर मी क्लोज्ड लूप स्टेपर घेतले. बसवायला सोपे. तेच स्टेप, तीच डिरेक्शन, अर्डुइनोला काही बदल नाही. जोडले, चालवले, आवाज कमी, मोटर गार. मी खूश.

ड्राइव्हवर आणखी दोन टर्मिनल होते. एएलएम. अलार्म. मी ते मोकळे सोडले. म्हटलं, आता मोटर चुकणारच नाही तर अलार्म कशाला?

दोन-तीन महिन्यांनी एक खोल पॉकेट कापत होतो, ६ मिलिमीटरचं एंडमिल. चिप्स अडकल्या, एक्सची मोटर दबली. तिने प्रयत्न केला, मर्यादेपलीकडे मागे पडली आणि ड्राइव्हने आपलं काम केलं. अलार्म दिला आणि मोटर सोडून दिली. पण अलार्म ऐकायला कुणीच नव्हतं. ग्रबलने एक्सला पल्स देणं चालू ठेवलं, वायही चालवला, स्पिंडल फिरतच होता. टूल तिरकं जॉबमध्ये घुसलं आणि तुटलं. तुकडा पत्र्यावर आपटून टण्णकन आवाज आला. मी मशीनच्या उजवीकडे उभा होतो, तो डावीकडे गेला. एवढाच फरक. त्या दिवशी मशीनला गार्डही नव्हता.

म्हणजे फोर्क बसवला होता, पण तो हँडलला जोडलाच नव्हता.

तर ऐका. क्लोज्ड लूप ड्राइव्ह घेतला की पहिलं काम एएलएम जोडायचं. प्रत्येक ड्राइव्हच्या अलार्मने एक छोटा रिले चालवा आणि सगळ्या रिलेंचे कॉन्टॅक्ट सिरीजमध्ये घ्या. सगळं ठीक असताना सर्किट बंद राहील असंच वायरिंग करा, म्हणजे तार तुटली तरी मशीन थांबेल. अलार्मच्या आउटपुटला किती करंट चालतो ते आधी मॅन्युअलमध्ये बघा, नाहीतर ते आउटपुटच जळेल. ही साखळी उनोवर ग्रबलच्या रिसेटच्या पिनला द्या, ए-झिरोला. फीड होल्डची पिन ए-वन आहे, पण इथे होल्ड पुरत नाही. एका अक्षाची जागा गेली म्हणजे काम गेलं. थांबा, होमिंग करा, पुन्हा सेट करा.

इमर्जन्सी स्टॉप वेगळा. तो सॉफ्टवेअरला विनंती करणारा नको. त्याने कॉन्टॅक्टर पाडून ड्राइव्ह आणि स्पिंडलची पॉवर तोडली पाहिजे. आणि झेडला जड स्पिंडल असेल तर पॉवर गेल्यावर तो बॉलस्क्रूवरून खाली घसरतो. तिथे ब्रेकवाली मोटर किंवा काउंटरवेट हवं. हात खाली असताना हे आठवू नये.

ड्राइव्ह किती मागे पडल्यावर अलार्म देतो ही सेटिंगही बघा. समजा ती १००० काउंटची आहे. ४००० मध्ये १००० म्हणजे पाव फेरा, म्हणजे १.२५ मिलिमीटर. एवढं मागे पडेपर्यंत ड्राइव्ह गप्प बसणार. मागून तो भरून काढेल, पण तोवर टूलने जे कापायचं ते कापलं.

मोजणारा कोण?

समजा तुम्हाला खरंच कंट्रोलरपर्यंत फीडबॅक आणायचाय. मग ते काउंट मोजायला काहीतरी लागतं आणि इथे बरेच जण फसतात.

हिशेब करू. ३००० मिलिमीटर पर मिनिट, ५ चा स्क्रू. म्हणजे मिनिटाला ६०० फेरे, सेकंदाला १०. एका फेऱ्याला ४००० काउंट, म्हणजे सेकंदाला ४०,००० काउंट. उनो हे स्टेप सोडता सोडता मोजू शकत नाही. ग्रबल स्वतःच सेकंदाला ३०,००० स्टेपच्या आसपास दमतं आणि अक्षाचा एन्कोडर वाचायची सोय त्यात नाहीच.

जुना पीसी, पॅरलल पोर्ट आणि लिनक्ससीएनसी असेल तर? लिनक्ससीएनसीचं मूळ अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेच्या प्रकल्पात आहे आणि फीडबॅक त्याच्या रक्तात आहे. पण पॅरलल पोर्टवर सॉफ्टवेअरने मोजायचं तर बेस थ्रेड २५ मायक्रोसेकंदाचा धरला तरी सेकंदाला ४०,००० वेळाच बघून होतं. तेवढेच काउंट येत असतील तर मधला एखादा निसटणारच. निम्म्यावर थांबलेलं बरं.

म्हणून मोजणी हार्डवेअरने करायची. मेसाची इथरनेट कार्डं त्यासाठीच वापरतात. त्यातली एफपीजीए चिप काउंट मोजते, पीसी फक्त बेरीज वाचतो. बाहेरून मागवावी लागतात आणि कस्टम्स लागतं, हे धरून चाला. लिनक्ससीएनसीत मग फॉलोइंग एरर ठरवता येते, म्हणजे हुकूम आणि खरी जागा यात किती फरक चालेल. हळू चालताना कमी, रॅपिडला जास्त, असे दोन आकडे देता येतात. त्यापुढे गेलं की मशीन थांबतं. हा खरा फोर्क.

बजेट नसेल तर मधला एक मार्ग आहे आणि मला तो फार आवडतो. एसटीएम३२ बोर्डाच्या टायमरमध्ये एन्कोडर मोड असतो, ईएसपी३२ मध्येही पल्स मोजायचं हार्डवेअर असतं. ग्रबल राहू द्या तसंच. हा छोटा बोर्ड एका बाजूला ग्रबलचे स्टेप मोजेल, दुसऱ्या बाजूला स्केलचे काउंट. फरक ०.१५ च्या पुढे गेला की रिसेटची पिन खेचेल. तो मोटर चालवत नाही, चूक दुरुस्त करत नाही, फक्त पहारा देतो. त्यामुळे हंटिंगचा प्रश्नच नाही. माझ्या एक्सवर आज हेच आहे.

वीज, आवाज आणि ऊन

आता आपल्याकडच्या तीन गोष्टी, ज्या परदेशी व्हिडिओत कुणी सांगत नाही.

एक, वीज. हे एन्कोडर इन्क्रिमेंटल असतात. म्हणजे इथून किती हललो ते सांगतात, कुठे आहे ते नाही. लाइट गेली की स्मरण गेलं. अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडरला जागा आठवते, पण तो महाग. म्हणून होमिंग चांगलं करा. प्रॉक्सिमिटी स्विचवर थांबा आणि त्यानंतर येणाऱ्या इंडेक्स पल्सवर शून्य धरा. स्विच थोडा मागे-पुढे लागला तरी इंडेक्स फेऱ्यात एकाच जागी येतो. लिनक्ससीएनसी हे करतं. ग्रबलला इंडेक्स कळत नाही, तिथे स्विचवरच भागवावं लागतं. लाइट गेली तर प्रोग्राम मधूनच चालू करायचा मोह आवरा. आधी होम, मग जॉबच्या कोपऱ्यावर तपासा, मग पुढे.

दोन, नॉइज. स्पिंडलचा व्हीएफडी हा सगळ्यात मोठा शत्रू. माझ्याकडे वर शेजारच्या लूमच्या मोटरी चालू-बंद होतात ते वेगळंच. एन्कोडर शक्यतो डिफरन्शियल आउटपुटचा घ्या. ए बरोबर त्याचा उलटा ए, बी बरोबर उलटा बी. नॉइज दोन्ही तारांत सारखाच शिरतो आणि रिसीव्हर दोघांतला फरक घेतो, त्यामुळे तो निघून जातो. केबल पिळाची आणि शील्डवाली. सिग्नलचं शील्ड कंट्रोलरच्या बाजूला अर्थला जोडा. आणि स्पिंडलच्या केबलबरोबर एकाच पट्टीत बांधू नका. दिसायला छान दिसतं, पण नका.

तीन, ऊन. मी मशीन ट्यून केलं गड्ड्याच्या दिवसांत. जानेवारीची सकाळ, खोलीत १८ अंश. मेच्या दुपारी त्याच पत्र्याखाली ४२. फरक २४ अंशांचा. स्टील मीटरला एका अंशाला साधारण १२ मायक्रॉन वाढतं. ६०० मिलिमीटरचा स्क्रू म्हणजे ०.१७ मिलिमीटर वाढला. मोटरवरचा एन्कोडर याबद्दल अक्षरही बोलत नाही.

गंमत पुढे आहे. जॉब स्टीलचा असेल तर तोही तेवढाच वाढतो, फारसं बिघडत नाही. अ‍ॅल्युमिनियम जवळपास दुप्पट वाढतं, २३ मायक्रॉन. दुपारी ४२ अंशांत ४८० चं अंतर कापलं आणि तिथेच स्टीलच्या व्हर्निअरने मोजलं तर बरोबर दिसतं. रात्री २८ ला तीच प्लेट ०.०७ ने कमी भरते. मापं २० अंशांवर धरायची असा जगाचा नियम आहे, पण आपल्याकडे मेमध्ये २० अंश आणायचे कुठून? मी बारीक काम सकाळी करतो आणि मोजताना प्लेट, व्हर्निअर एकाच जागी तासभर ठेवून मग मोजतो. बिनपैशाचा उपाय.

मग पैसे कुठे घालायचे?

मला विचाराल तर या क्रमाने.

आधी एक चांगला डायल आणि मॅग्नेटिक स्टँड. चूक कुठल्या जातीची आहे ते कळल्याशिवाय काही घेऊ नका. मग प्ले काढा. मग अ‍ॅक्सिलरेशन कमी करा आणि चिप्स रेलवर जाणार नाहीत अशी झाकणं लावा. माझ्या नऊ प्लेटा एवढ्यानेच वाचल्या असत्या. मग इमर्जन्सी स्टॉप आणि गार्ड. त्यानंतर क्लोज्ड लूप ड्राइव्ह, पण अलार्म जोडून. आणि सगळ्यात शेवटी स्केल आणि मेसासारखं कार्ड, तेही लोकांचं काम घेणार असाल आणि शंभरातल्या सातेक भागांचा हिशेब मागितला जात असेल तर. नावाच्या पाट्या करायला याची काही गरज नाही.

आणि प्रत्येक आकड्याला एकच विचारा. तू कुठून बोलतोयस? पडद्यावरून, मोटरवरून, की टेबलावरून?

त्या वर्कशॉपवाल्याने पुढच्या वर्षी पुन्हा काम दिलं. या वेळी वीस प्लेटा. मी प्रत्येक प्लेट मोजली आणि मापं कागदावर लिहून सोबत दिली. अण्णांना मशीन दाखवायला घेऊन आलो. मी मुद्दाम चूक घडवून आणली, पहारेकरी बोर्डाने रिसेट खेचला, सगळं जागेवर थांबलं. अण्णांनी दोनदा करायला लावलं. मग म्हणाले, "आता बसला बघ फोर्क. रोज सकाळी एकदा दोरा तोडून बघत जा. आम्ही बघायचो."

तेव्हापासून रोज पहिलं काम सुरू करायच्या आधी स्पिंडल बंद ठेवून, मंद वेगात एकदा मुद्दाम चूक घडवून बघतो. तुम्हीही बघा.

पुढच्या भागात स्पिंडल आणि व्हीएफडीच्या अर्थिंगबद्दल बोलू. तुमच्या मशीनची चूक कुठल्या जातीची निघाली ते डायलच्या आकड्यांसकट कळवा. आकडे नसतील तर आधी डायल लावा, मग कळवा.

भेटू.